सक्तीची लष्करी नोंदणी : नाव कोणाचे, सूट कोणाला?

आमच्या तालुक्याच्या गावी बुद्धविहारात महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग भरतो. कॉलेजातली मुले-मुली येतात, काही शिक्षक येतात, पलटणीतून निवृत्त झालेले एकदोन फौजीही येऊन बसतात. २०२२ साली ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली तेव्हापासून या वर्गात लष्करभरतीचा विषय वारंवार निघतो. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने ठामपणे मांडले की, चार वर्षांची नोकरी देण्यापेक्षा सरकारने सरळ सक्तीच करावी. अमेरिकेत प्रत्येक तरुणाला लष्करासाठी नाव नोंदवावेच लागते. तसे येथे झाले तर मंत्र्याचा मुलगा आणि सफाई कामगाराचा मुलगा एका रांगेत उभे राहतील, एका ताटात जेवतील आणि जात आपोआप मोडेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्या मुळाशी समतेची ओढ आहे आणि ती खरी आहे. परंतु सक्ती आली की समता येते, हे गृहीत मात्र तपासून घेतले पाहिजे. दाखला अमेरिकेचा दिला गेला आहे, तेव्हा अमेरिकेच्याच इतिहासात ते तपासावे. मी इतिहास शिकवतो आणि अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याबद्दल गेली अनेक वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनाच्या आधाराने हा विषय येथे मांडतो आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेत सक्तीची भरती नाही; ती १९७३ साली थांबली. त्यानंतर तेथील सैन्य पगारी आणि स्वेच्छेचे झाले. तेथे आहे ती सक्तीची नोंदणी. वय अठरा पूर्ण झाले की तीस दिवसांच्या आत प्रत्येक पुरुषाचे नाव ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ नावाच्या सरकारी खात्याकडे नोंदलेले असले पाहिजे आणि सव्वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ते तेथे राहते. नागरिकालाच नव्हे, तर तेथे कायम वास्तव्याला गेलेल्या परक्यालाही हा नियम लागू आहे. कागदपत्रांवाचून राहणाऱ्या स्थलांतरितालाही त्यातून सूट नाही. विद्यार्थी म्हणून व्हिसावर गेलेल्याला मात्र नोंदणी करावी लागत नाही. नाव नोंदवले म्हणून कोणी बंदूक हातात देत नाही. उद्या युद्ध उभे राहिले आणि काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, भरतीचा कायदा केला, तर जन्मतारखांची सोडत काढून या यादीतून माणसे उचलायची, अशी ती व्यवस्था आहे. त्या वर्षी ज्यांना वीस वर्षे पूर्ण होतात त्यांचा क्रमांक पहिला.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. जमीन तुमच्याच नावावर राहते, कसताही तुम्हीच, पण त्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो आणि वेळ आली की तो बोलू लागतो. सक्तीची नोंदणी म्हणजे राज्यसंस्थेने तरुणाच्या देहावर चढवून ठेवलेला बोजा होय. आपल्यातल्या पुष्कळांजवळ सातबारा नाही, ही गोष्ट वेगळी. देहावरचा बोजा काय असतो हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा नोंदणी सर्वांची असते आणि निवड काहींचीच होते. या दोहोंच्या मध्ये एक टेबल असते. त्या टेबलाशी बसून कोणीतरी ठरवतो की याला घ्यायचे, याला वगळायचे, याला पुढच्या वर्षी पाहू. माझे म्हणणे असे आहे की समतेची परीक्षा या टेबलाशी होते. यादी कितीही सर्वसमावेशक असली तरी तिच्यावरून काहीच ठरत नाही.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, मार्च १८६३ मध्ये, उत्तरेच्या सरकारने पहिला मोठा सक्तीचा कायदा केला. नावे सर्वांची नोंदायची आणि चिठ्ठी निघेल त्याने जायचे. मात्र त्यात दोन दरवाजे ठेवलेले होते. ज्याचे नाव निघाले त्याने आपल्याऐवजी दुसरा माणूस द्यावा, किंवा तीनशे डॉलर भरून मोकळे व्हावे. त्या काळच्या मजुराची ही जवळजवळ वर्षभराची कमाई होती. म्हणजे कायद्याने देशभक्तीचा दर जाहीर केला होता आणि तो फक्त खात्यापित्या घरांना परवडणारा होता. जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली आणि शहर पेटले. दंगल करणारे बहुतांशी गरीब आयरिश मजूर होते. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण तो ज्यांनी कायदा केला त्यांच्यावर फारसा फुटला नाही, तो काळ्यांवर फुटला. काळी माणसे रस्त्यात मारली गेली, दिव्याच्या खांबांना टांगली गेली. काळ्या अनाथ मुलांचे एक वसतिगृह जमावाने जाळले. आत दोनशेहून अधिक मुले होती. ती मागच्या वाटेने बाहेर काढली गेली म्हणून वाचली. चार दिवसांत, अधिकृत गणनेप्रमाणेच, शंभरावर माणसे मेली. आणि काळ्यांचा या कायद्याशी संबंध काय होता? त्यांना नागरिकच मानले जात नव्हते, म्हणून त्यांची नावेसुद्धा त्या चिठ्ठ्यांत नव्हती! वरच्याने केलेल्या अन्यायाचा राग खालच्यावर काढण्याची ही रीत मराठवाड्याने १९७८ साली, नामांतराच्या ठरावानंतर, चांगलीच अनुभवली आहे. त्यामुळे वाचकांना ती परकी वाटणार नाही.

त्यानंतरचा मोठा कायदा १९१७ चा. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि १८ मे १९१७ रोजी सक्तीच्या निवडीचा कायदा झाला. या वेळी पैसे भरून सुटण्याची सोय काढून टाकली होती, बदली माणूस देण्याचीही. वरून पाहणाऱ्याला वाटावे की आता समता आली. ५ जून १९१७ या एका दिवशी एकवीस ते तीस वयाच्या जवळजवळ एक कोटी पुरुषांनी नावे नोंदवली. युद्ध संपेपर्यंत ही संख्या सुमारे दोन कोटी चाळीस लाखांवर गेली. त्यांतून अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसे सैन्यात घेतली गेली.

त्या पहिल्या दिवशीच्या नोंदणीपत्रकाची प्रतिकृती मी पाहिली आहे. साधे कार्ड आहे. नाव, वय, पत्ता, धंदा, कोण अवलंबून आहे, असे प्रश्न. खाली डाव्या कोपऱ्यात तिरपी रेघ आहे आणि तेथे कारकुनासाठी सूचना छापलेली आहे : माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडून टाकावा.

फॉर्म सर्वांना एकच. कायदा एकच. रांगसुद्धा पुष्कळ ठिकाणी एकच असेल. पण गठ्ठ्यातून बोट फिरवले की काळा कोण हे डोळे मिटूनही कळावे, अशी योजना कागदातच केलेली होती. मला या कोपऱ्याने जितके शिकवले तितके पुष्कळ जाड ग्रंथांनी शिकवले नाही. येथे एखादा म्हणेल की आपल्याही दाखल्यावर जात असतेच की. असते. पण नोंद कशासाठी केली जाते यावर तिचा अर्थ ठरतो. आपला जातीचा दाखला हक्क मागण्यासाठी आपण स्वतः पुढे करतो. तो कोपरा माणसाला वेगळ्या छावणीत, वेगळ्या पलटणीत आणि वेगळ्या कामावर पाठवण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी फाडलेला होता.

आता टेबलाकडे वळू. १९१७ च्या कायद्याखाली देशभर साडेचार हजारांवर स्थानिक मंडळे नेमली गेली. कोणाला सूट द्यायची हे मंडळ ठरवी. मंडळावर गावातली ‘प्रतिष्ठित’ माणसे असत. दक्षिणेकडच्या राज्यांत प्रतिष्ठित याचा अर्थ गोरा, आणि बहुधा जमीनदार किंवा व्यापारी. जॉर्जिया राज्यातील फुल्टन परगण्याच्या एका मंडळाने ८१५ गोऱ्यांपैकी ५२६ जणांना सूट दिली. दोनशेच्या वर काळ्यांपैकी सूट मिळाली ती फक्त सहाजणांना. हे इतके उघड होते की सरकारला ते मंडळच बरखास्त करावे लागले. पण प्रत्येक मंडळ इतके उघड वागत नव्हते. कोठे जमीनदाराला आपले कूळ हातचे जाऊ द्यायचे नसे, म्हणून तो काळ्या मजुराला सूट मिळवून देई. कोठे ज्याने स्वतःची जमीन घेऊन डोके वर काढले आहे त्या काळ्या शेतकऱ्याला नेमके पाठवले जाई. म्हणजे जाणे काय किंवा राहणे काय, दोन्ही मालकाच्या सोयीने. एकूण सुमारे तीन लाख सत्तर हजार काळे या मार्गाने सैन्यात घेतले गेले. लोकसंख्येत ते दहात एक होते, सक्तीने घेतलेल्यांत त्याहून अधिक. आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या हाती बंदूक दिली गेलीच नाही. बंदरावर हमाली, रस्ते, खड्डे, मुडदे पुरणे ही कामे त्यांच्याकडे आली. ज्यांना लढायला मिळाले त्यांपैकी काही पलटणी फ्रेंचांच्या हाताखाली देण्यात आल्या आणि तेथे त्या नावाजल्या.

त्या काळी काळ्यांच्या चळवळीत मोठा वाद झाला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९१८ मध्ये आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकातून असे आवाहन केले की, युद्ध चालू आहे तोवर आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवून गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावावा. रक्त दिले की हक्क मिळतील, ही त्यामागची आशा. पुष्कळांनी त्यांच्यावर टीका केली. १९१९ च्या उन्हाळ्यात देशभर काळ्यांवर हल्ले झाले. परतलेले काळे सैनिकही जमावाच्या हातून मेले. गणवेश घालून फिरतो हाच काहींचा गुन्हा ठरला. ड्युबॉइस यांचा सूरही तोवर पालटला होता.

येथे थोडे आपल्याकडे पाहिले पाहिजे. कारण हाच काळ आपल्याही इतिहासात आहे, मात्र प्रश्न उलटा आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती होत होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील नावे स्तंभावर कोरलेली आहेत. पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत काढला आणि १८९० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत महारांसाठी भरतीचे दार बंद केले. ज्या नोकरीमुळे बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार झाले, ती नोकरीच पुढच्या पिढीला बंद झाली. निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ साली, युद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा, १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ साली पुन्हा युद्धाची गरज पडली, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे एकाच १९१७ साली जॉर्जियातल्या काळ्याचे नाव सक्तीने यादीत चढत होते, आणि रत्नागिरी-साताऱ्यातला महार आपले नाव यादीत का नाही म्हणून वीस-पंचवीस वर्षे अर्ज करून नुकता कोठे आत घेतला जात होता. वरवर या दोन तक्रारी परस्परविरोधी आहेत. पण दोन्हीकडे यादी दुसऱ्याच्या हातात होती. आमच्या आजोबांच्या पिढीला फौज हवी होती ती मारण्या-मरण्याच्या हौसेने नव्हे. फौजेत पगार होता, पेन्शन होती, पलटणीच्या शाळेत मुलांना अक्षर मिळत होते आणि गावकीच्या कामातून सुटका होती. अमेरिकेतल्या काळ्याला सक्तीने नेले तरी त्याला परत त्याच मालकाच्या शेतावर आणून सोडले. ज्याला सेवेच्या बदल्यात काय मिळणार हे विचारता येते आणि ज्याला विचारता येत नाही, या दोघांची फौज एक नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० च्या कायद्यात, निवड आणि शिक्षण यांत वर्णभेद करू नये असे कलम घातले गेले. कलम राहिले आणि सैन्य पूर्ववत काळे-गोरे वेगळेच राहिले. १९४८ मध्ये सक्ती पुन्हा आणायचे ठरले तेव्हा कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीपुढे जाऊन बजावले की, विभागलेल्या सैन्यात नाव देऊ नका, असे आपण काळ्या तरुणांना सांगणार आहोत. त्याच वर्षी जुलैत अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील विभागणी संपवण्याचा हुकूम काढला. निवडणुकीचे राजकारण त्यात होते, हे खरे. पण नकाराच्या धमकीने जे काम केले ते आठ वर्षे कायद्यात पडून राहिलेल्या कलमाने केले नव्हते.

याच युद्धातली एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानशी युद्ध सुरू होताच अमेरिकेने आपल्याच देशातील जपानी वंशाच्या एक लाखावर लोकांना घरादारातून उचलून तारांच्या कुंपणातल्या छावण्यांत कोंडले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. प्रथम त्यांच्या तरुणांना ‘शत्रू’च्या वर्गात टाकून सैन्यासाठी अपात्र ठरवले, १९४४ मध्ये माणसे कमी पडू लागल्यावर त्याच छावण्यांत सक्तीच्या भरतीचे हुकूम पाठवले. वायोमिंग राज्यातील हार्ट माउंटन छावणीतल्या तरुणांनी सांगितले की, आधी आमचे आईबाप कुंपणाबाहेर काढा, मग आम्ही लढायला येतो. त्यांपैकी त्रेसष्टजणांवर एकत्र खटला भरला गेला आणि सर्वांना तुरुंगवास झाला. १९४७ च्या डिसेंबरात त्यांना माफी मिळाली. देशाने त्यांना नागरिक म्हणून ओळखले ते फक्त भरतीच्या कागदावर.

व्हिएतनामच्या युद्धात ही सगळी यंत्रणा पुन्हा उघडी पडली. १९६४ ते १९७३ या काळात अठरा लाखांवर तरुण सक्तीने घेतले गेले. आता तीनशे डॉलर भरण्याची सोय नव्हती. तिच्या जागी कॉलेज होते. पूर्ण वेळ कॉलेजात शिकणाऱ्याला शिक्षण संपेपर्यंत भरती पुढे ढकलून मिळे. ज्याच्या बापाजवळ फीचे पैसे, तो वर्गात. ज्याच्याजवळ नाहीत, तो छावणीत. ओळखीचा डॉक्टर असणे, वकील परवडणे, नॅशनल गार्डमध्ये वशिला लागणे या पुढच्या वाटा. १९६७ साली सरकारनेच नेमलेल्या समितीला असे आढळले की स्थानिक मंडळांच्या सोळा हजारांवर सदस्यांत काळे फक्त १.३ टक्के होते. दक्षिणेत तर अशीही मंडळे होती की ज्यांच्यापुढे येणाऱ्यांत काळे भरपूर आणि मंडळात एकही नाही. १९६५-६६ मध्ये व्हिएतनामात मेलेल्या अमेरिकन सैनिकांत पाचातला सुमारे एक काळा होता, आणि काळ्यांची लोकसंख्या तेव्हा नवात एक. ओरड झाल्यावर हे प्रमाण पुढे खाली आले आणि संपूर्ण युद्धाचा हिशेब लोकसंख्येच्या जवळपास येतो, हेही सांगितले पाहिजे. आकडा ओरड केल्यावर खाली येतो, याचा अर्थ तो कोणाच्या तरी हातात होता.

१९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी एक योजना काढली. बुद्धीच्या चाचणीत जे नापास होत, त्यांच्यासाठी पात्रतेची रेघ खाली आणायची, म्हणजे गरीब तरुणांना सैन्यात हुनर शिकता येईल. दरवर्षी एक लाख घेण्याचा बेत होता. एकूण तीन लाखांवर घेतले गेले आणि त्यांत काळ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. हुनर थोड्यांनाच मिळाला. शाळेने ज्यांना शिकवले नाही, कारखान्याने ज्यांना घेतले नाही, त्यांच्यासाठी ‘पात्रता’ शिथिल झाली ती येथे! राखीव जागांमुळे गुणवत्ता बुडते म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. मरणाच्या रांगेत गुणवत्तेचा आग्रह फारसा टिकत नाही.

महंमद अलीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण ती या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे. १९६४ मध्ये तो याच लेखी चाचणीत नापास झाला होता. रेघ खाली आली आणि १९६६ मध्ये तो पात्र ठरला. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरतीकेंद्रात त्याचे नाव पुकारले गेले आणि तो पुढे आला नाही. एक पाऊल पुढे टाकणे म्हणजे भरती स्वीकारणे, असा तेथे विधी होता. त्याने ते पाऊल टाकले नाही. पाच वर्षांची शिक्षा, दहा हजार डॉलर दंड, विश्वविजेतेपद गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे खेळावाचून गेली. तुरुंगात त्याला जावे लागले नाही, कारण अपील चालू होते; २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्षाने आपला दहा कलमी कार्यक्रम मांडला. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने हे नाव तेथूनच घेतले, हे प्रत्येक कार्यकर्ता सांगतो. पण त्या दहा कलमांपैकी सहावे कलम काय होते हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. सर्व काळ्या पुरुषांना लष्करी सेवेतून मुक्त करा, अशी ती मागणी होती. जे सरकार आमचे रक्षण करत नाही त्याच्या रक्षणासाठी आम्ही जगातल्या दुसऱ्या काळ्या-सावळ्या माणसांना मारणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. घर, भाकरी, शिक्षण, न्याय यांच्या रांगेत ही मागणी बसवलेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या पँथरने ती उचलली नाही, आणि ते साहजिक होते. येथे सक्ती नव्हती, आणि फौज ही आमच्या घरांत मिळवलेली वस्तू होती, लादलेली नव्हे.

सूट देण्यातील पक्षपातावर ओरड वाढली तेव्हा सरकारने सोडतीचा उपाय काढला. १ डिसेंबर १९६९ रोजी काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या डब्या टाकून जन्मतारखा काढल्या गेल्या. पहिली तारीख १४ सप्टेंबर निघाली. त्यातही डब्या नीट मिसळल्या नव्हत्या आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा अधिक लवकर निघाल्या, असे गणितज्ञांनी पुढे दाखवून दिले. दैवालासुद्धा कारकून लागतो!

१९७३ मध्ये भरती थांबली, १९७५ मध्ये नोंदणीही थांबली. रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसवल्यावर १९८० च्या जुलैत अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली आणि ती आजवर चालू आहे. पुष्कळ तरुणांनी नाव द्यायला नकार दिला. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. पण प्रत्यक्षात खटले भरले गेले ते अवघ्या वीसेकजणांवर, आणि १९८६ नंतर एकही नाही. सरकारला दुसरा, बिनआवाजाचा उपाय सापडला होता. १९८२ च्या कायद्याने ठरले की ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याला उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा कर्ज मिळणार नाही. पुढे केंद्राच्या नोकऱ्या, कामाचे सरकारी प्रशिक्षण हेही त्याला जोडले गेले. नागरिकत्व मागणाऱ्या स्थलांतरितालाही त्यावरून अडवता येते.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्यासाठी समाजकल्याण खात्याच्या पायऱ्या ज्याने झिजवल्या आहेत त्याला याचा अर्थ लगेच कळेल. ज्याचा बाप फी भरू शकतो त्याला ही शिक्षा लागतच नाही. त्याने नोंदणी केली काय आणि नाही केली काय, त्याचे कॉलेज चालूच राहते. ज्याला सरकारच्या पैशावाचून शिकता येत नाही त्याच्यावरच हा कायदा चालतो, तोही न्यायाधीशापुढे उभे न करता, खिडकीतल्या कारकुनाच्या एका नकाराने. शिवाय सव्विसावे वर्ष उलटले की नाव नोंदवताच येत नाही. म्हणजे ज्याला वेळेवर कोणी सांगितलेच नाही, जो तुरुंगात होता किंवा बेघर होता, त्याची चूक आयुष्यभराची होते. सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये या तरतुदीला आव्हान दिले गेले. न्यायालयाने ती योग्य ठरवली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल, त्या न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती, यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. शिष्यवृत्तीची ही अट तब्बल अडतीस वर्षांनी, २०२० च्या अखेरीस झालेल्या कायद्याने, काढून टाकली गेली. नोकरीची आणि नागरिकत्वाची अडवणूक त्यात सुटली नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्यात, तरुणाने फॉर्म भरण्याची वाटच न पाहता सरकारी दप्तरांवरून त्याचे नाव आपोआप चढवावे, अशी तरतूद आली. यामुळे अडाणीपणाने नाव राहून जाणाऱ्यांचा त्रास कमी होईल. पण नाव देत नाही असे म्हणण्याची जी एक जागा होती तीही जाईल.

आपल्यातली मुले आता शिकून तिकडे स्थायिक होत आहेत, म्हणून आणखी एक बाब नोंदवतो. युद्धाला विवेकाने विरोध करणाऱ्याला अमेरिकन कायदा सूट देतो, पण नोंदणीच्या फॉर्मवर तसे लिहायला रकानाच नाही. ते भरतीचा हुकूम आल्यावर सिद्ध करायचे. पूर्वी त्यासाठी ‘परमेश्वरा’वर श्रद्धा असावी लागे. १९६५ च्या सीगर खटल्यात न्यायालयाने ही अट रुंद केली आणि ईश्वर मानण्याची सक्ती सैल झाली. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाच्या दृष्टीने हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता आमच्या वर्गातल्या त्या विद्यार्थ्याच्या सूचनेकडे, म्हणजे भारतातल्या सक्तीकडे. भारतात सक्तीची लष्करभरती नाही. पण संविधानाने तिचा विचारच केलेला नाही असे मात्र नाही. अनुच्छेद २३ चा पहिला भाग वेठबिगारीला बंदी करतो. तो आपल्या ओळखीचा आहे. महारकीच्या वतनावर ताशेरे ओढत १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणणारे बाबासाहेब आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब एकच होते. त्याच अनुच्छेदाचा दुसरा भाग फार कमी वाचला जातो. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, असे तो सांगतो. मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. वेठ आणि राष्ट्रीय सेवा यांच्यामध्ये घातलेली ही भिंत आहे. जन्मावरून लादलेली सेवा म्हणजे वेठ. सर्वांवर सारखी लादलेली, तर ती सेवा.

यातला ‘वर्ग’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. १८६३ चे तीनशे डॉलर या शब्दावर आपटले असते. पण कॉलेजात शिकणाऱ्याला सूट, या तरतुदीचे काय झाले असते? ती उघडपणे पैशाचा उल्लेख करत नाही. ती शिक्षणाचा उल्लेख करते. आणि येथे ‘केवळ’ हा शब्द आडवा येतो. उद्या येथे सक्तीचा कायदा आला आणि त्यात वैद्यक, अभियांत्रिकी, परदेशी शिक्षण यांना सूट ठेवली, तर तो भेद ‘केवळ वर्गावरून’ केलेला आहे असे न्यायालय म्हणेल का? लिंगाचा उल्लेख तर त्या यादीत नाहीच. अमेरिकेत नोंदणी फक्त पुरुषांची का, हा प्रश्न १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि स्त्रियांना तेव्हा लढाईच्या तुकड्यांत घेत नव्हते, या कारणावर न्यायालयाने तो भेद वैध ठरवला. २०१५ च्या अखेरीस लढाईची सर्व कामे स्त्रियांना खुली करण्याचा निर्णय तेथे झाला, तरी नोंदणी पुरुषांचीच राहिली.

पुढच्या वर्गात कायद्याच्या दोघा विद्यार्थ्यांनी अनुच्छेद २३ च्या दुसऱ्या भागावरील संविधानसभेतील चर्चा वाचून येण्याचे कबूल केले आहे. सक्तीची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्याला मी एकच काम दिले आहे. त्याने आपल्या मनातल्या कायद्याचा मसुदा लिहून आणावा, आणि त्यात सूट कोणाला हे कलम आणि जिल्ह्याच्या मंडळावर कोण बसेल हे कलम, ही दोन कलमे आधी लिहावीत.